मावशी अंथरुणावर, जमीन कोर्टात: आजारी नातेवाइकाची बाजू मांडायला निघालेल्यांसाठी

सोलापूरची गड्ड्याची यात्रा नुकतीच सरली होती, शेतात तूर काढायची बाकी होती, आणि माझ्या थोरल्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ती अकरा दिवस होती. काका आधीच गेलेले, मूलबाळ नाही. ती दवाखान्यात असतानाच अक्कलकोट तालुक्यातल्या तिच्या घरी नोटीस आली. दिरांनी सामाईक जमिनीच्या वाटणीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची नोंद, धरायला दिला होता. विहिरीकडची काळी जमीन त्यांच्या नावावर आणि मावशीच्या वाट्याला माळाची बाजू. शेजारणीने नोटीस घेऊन ठेवली, म्हणून ती आमच्या हाती तरी पडली.

त्यानंतरची सहा वर्षं मी, तिचा भाचा, तिच्या वतीने तलाठी, तहसील, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि कोर्ट यांच्या फेऱ्या मारत होतो. मी वकील नाही, साड्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. पण नवखा माणूस या वाटेवर कुठे ठेचकाळतो ते मला आता चांगलं ठाऊक आहे. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे आणि त्याच वेळी भाऊबंदकीचा वाद उभा राहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम: माणसाला विचारा, आणि लिहून ठेवा

बहुतेक जण दवाखान्यातून थेट वकिलाकडे धावतात. त्याआधी आजारी माणसाजवळ बसा. त्याला नेमकं काय हवं आहे? अर्धी जमीन, विहिरीतलं पाणी, राहतं घर, की फक्त वर्षाचं धान्य? तो हक्क तुमचा नाही, त्याचा आहे. तुम्ही त्याचा आवाज होणार असाल, तर आधी तो आवाज ऐकून घ्यायला हवा.

इथे आमच्याकडून एक चूक होता होता राहिली. आमच्या आजोळी घरात कन्नडच बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी घरांत तसंच आहे. मावशीला मराठी समजायचं, पण मनातलं बोलणं कन्नडमध्ये. वॉर्डात तिला मराठीत विचारलं की ती नुसती बघत राहायची आणि सगळ्यांना वाटायचं, हिची समज गेली. माझी आई आली, कन्नडमध्ये विचारलं, तेव्हा मावशी अडखळत पण स्पष्ट म्हणाली, "नन्न होल ननग बेकु." माझं शेत मला पाहिजे. विहिरीजवळचा तुकडा हवा, आणि माळाकडची बाजू सोडायची तयारी आहे, एवढंही तिने त्या संध्याकाळी सांगितलं. तुमचा माणूस घरात कन्नड किंवा तेलुगू बोलत असेल, तर डॉक्टर, नोटरी, न्यायाधीश यांच्यापैकी कुणीही त्याची समज तपासताना त्याच भाषेत प्रश्न विचारले जावेत, हा आग्रह धरा. याच गोष्टीवर पुढे फार काही ठरतं.

मी त्या दिवशी एका वहीत तारीख, वेळ आणि तिचे शब्द लिहून ठेवले. ती वही चार वर्षांनी कशी कामाला आली ते पुढे येईल.

आणखी एक. आजारी माणसाच्या उशाशी कागद आणि शाईचं पॅड घेऊन कुणालाही एकटं बसू देऊ नका. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते, नुसत्या कागदावरच्या अंगठ्याने हक्क जात नाही. पण तसा कागद एकदा फायलीला लागला की तो खोडून काढण्यात वर्षं जातात.

आजार शरीराचा की समजेचा?

सगळी वाट या एका प्रश्नावरून फुटते. पाय मोडला आहे, डायलिसिस चालू आहे, कॅन्सर आहे, हात हलत नाही, पण काय चाललंय ते कळतं, अशा माणसाला कायदा पूर्ण समर्थ मानतो. तो कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम करण्याचा लेखी अधिकार) देऊ शकतो, वकीलपत्रावर अंगठा करू शकतो, मृत्युपत्रही करू शकतो. स्मृतिभ्रंश, कोमा किंवा मेंदूच्या मोठ्या आघातामुळे स्वतःचं हित राखण्याइतकी समज उरली नसेल, तर त्याने केलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. तिथे कोर्टाकडूनच माणूस नेमून घ्यावा लागतो.

तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. "रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे" एवढ्यावर भागत नाही. वेळ, स्थळ आणि व्यक्ती यांचं भान आहे का, विचारलेलं समजून उत्तर देता येतं का, कोणत्या भाषेत तपासलं, कोर्टापर्यंत प्रवास झेपेल का, हे त्यात यायला हवं. तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक असावा. मुखत्यारपत्र ज्या दिवशी होणार त्याच दिवशीचं प्रमाणपत्र मिळालं तर उत्तम.

अर्धांगवायूसारख्या आजारात पुढे दिव्यांग प्रमाणपत्रही काढून घ्या. मोफत वकिलासाठी ते उपयोगी पडतं.

फेरफाराची नोटीस असेल तर पंधरा दिवस मोजा

मुखत्यारपत्राची वाट पाहत बसू नका. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात आणि ते भर्रकन जातात. साध्या कागदावर हरकत अर्ज लिहा. गट नंबर, फेरफार क्रमांक, हरकतीचं कारण, आणि अर्जदार आजारी असल्याने हजर राहू शकत नाही हे लिहून डॉक्टरांचा दाखला जोडा. अर्ज आजारी माणसाच्याच नावाने करा, खाली त्याची सही किंवा अंगठा घ्या, आणि तलाठ्याकडून पोच घ्या. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.) पोच मिळाल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. एका ठिकाणी मला "ठेवून जा, बघतो" असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी पोच घेतली. ती नसती तर मुदतीत हरकत घेतल्याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.

हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि साधारणपणे मंडळ अधिकाऱ्यापुढे, म्हणजे सर्कलपुढे, सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येतं. सामाईक जमिनीचं वाटप महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार करतात ते सगळ्या सहधारकांची संमती असेल तरच. मावशीची संमती नव्हती, आणि आमची सगळी हरकत या एका मुद्द्यावर उभी होती.

गावच्या नोटिसा 'आपली चावडी'वर ऑनलाइनही दिसतात. आजारी माणूस गावाबाहेर असेल तर दर आठवड्याला बघत जा.

पण सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. सातबारा महसूल वसुलीची नोंद आहे. हिस्सा किती आणि कुणाचा, हे दिवाणी कोर्ट ठरवतं. प्रांताकडे हरलो म्हणून जमीन गेली असं समजून कितीतरी माणसं घरी बसतात, ते मला पाहवत नाही.

कागद जमवा

चालू सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), जुने हस्तलिखित सातबारे, वारस नोंदीसकट सगळे फेरफार, मृत्यू दाखले, आधी कधी वाटणी झाली असेल तर तिचा कागद, गटाचा नकाशा. जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतात. फेरफार मागे मागे वाचत जा. वाद कोणत्या सालापासून सुरू झाला ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मुलींची नावं वगळलेली वारस नोंद दिसली तर थांबा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. आजारी माणूस म्हणजे तुमची आत्या किंवा बहीण असेल, तर सगळा दावा याच एका ओळीवर उभा राहू शकतो.

कुलमुखत्यारपत्र: कसं करायचं, त्यात काय लिहायचं

समज शाबूत असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. आजारी माणूस 'लिहून देणार', तुम्ही 'लिहून घेणार'. तयार छापील नमुना घेऊन नावं भरू नका. त्यात विक्री, गहाण, कर्ज, बक्षीस सगळे अधिकार कोंबलेले असतात. ते वाचून आजारी माणूस घाबरतो, आणि समोरची बाजू कोर्टात म्हणते की भाच्यालाच जमीन लाटायची आहे. आमच्या कागदात एवढंच होतं: गट नंबर आणि चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी), दावा लावणं आणि चालवणं, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देणं, वकील नेमणं, शपथपत्रं करणं, कागद दाखल करणं, नकला घेणं, मोजणीचा अर्ज, महसुली हरकती आणि अपिलं. शेवटी स्पष्ट ओळ: "सदर मिळकत विकण्याचा, गहाण टाकण्याचा अगर हक्क सोडण्याचा अधिकार दिलेला नाही." ही ओळ वकिलांनी सुचवली. पुढे उलटतपासात तिने मला दोनदा वाचवलं.

कोर्टाच्या आणि तहसीलच्या कामाला नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र चालतं. जमिनीचा नोंदणीकृत दस्त आजारी माणसाच्या वतीने दुय्यम निबंधकापुढे सादर करायचा असेल तर गोष्ट वेगळी. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे ते मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकाने प्रमाणित केलेलं लागतं. माणूस उठू शकत नसेल तर कलम ३१ आणि ३८ खाली अधिकारी घरी किंवा दवाखान्यात येऊ शकतो. याला गृहभेट म्हणतात. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज करा आणि ठरलेली फी भरा. नोटरीलाही घरी बोलावता येतं. पण सोबत माणूस न आणता नुसता कागद पाठवून दिला तरी शिक्का मारून देणाऱ्या नोटरीकडे जाऊ नका. लिहून देणारा समोर नव्हता हे उलटतपासात बाहेर आलं की तो कागद निकामी होतो आणि तुमची विश्वासार्हताही जाते.

त्या दिवशी या गोष्टी सांभाळा. मजकूर आजारी माणसाच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवा, आणि "वरील मजकूर मला कन्नडमध्ये वाचून समजावून सांगितला, तो मला मान्य आहे" असं कागदावर येऊ द्या. वाचून दाखवणाऱ्याचीही सही घ्या. साक्षीदार दोन, शक्यतो वादाशी संबंध नसलेले. आमच्यासाठी एक निवृत्त शिक्षक आणि गल्लीतला औषध दुकानदार आले होते. आधी सही करणारा माणूस आता अंगठा देत असेल तर त्याचं कारण लिहा: "उजवा हात लुळा असल्याने डाव्या हाताचा अंगठा." नाहीतर पुढे जुन्या सहीशी तुलना होते आणि शंका निघते. मोबाईलवर चित्रण केलं तर चांगलंच, फक्त माणसाला त्याच्या शब्दांत बोलू द्या. तोंडात शब्द घातलेलं चित्रण उलट अंगावर येतं.

मुखत्यारपत्राच्या मर्यादा नीट समजून घ्या, कारण लोक नेमके इथेच फसतात.

पहिली मर्यादा: मुखत्यार झालात म्हणून तुम्ही वकील होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ प्रमाणे तुम्ही हजर राहू शकता, अर्ज देऊ शकता, पण युक्तिवाद वकीलच करतो. कोर्टाने खास परवानगी दिली तरच अपवाद.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. मूळ माणसाला स्वतःला जे माहीत आहे, त्याची साक्ष मुखत्यार त्याच्या जागी देऊ शकत नाही. २००४ सालच्या जानकी भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. काका वारले त्या साली वहिवाट कुणाची होती, दिरांनी धान्य देणं कधी बंद केलं, हे मावशीला माहीत होतं, मला ऐकीव. मी साक्षीत सांगू शकत होतो ते एवढंच: मुखत्यार झाल्यावर मी स्वतः काय केलं आणि काय पाहिलं.

तिसरी: लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची समज गेली की मुखत्यारपत्र आपोआप संपतं. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २०१ हेच सांगतं. "माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे" म्हणून त्यानंतरही सह्या करत राहणं ही नुसती चूक नाही, तो गुन्ह्याचा आरोप होऊ शकतो.

वकील आणि वकीलपत्र

ओळखीचा आहे म्हणून फौजदारी वकिलाकडे जमिनीचा दावा देऊ नका. महसूल आणि दिवाणी दोन्ही करणारा, तालुक्याच्या कोर्टात नेहमी दिसणारा वकील बघा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि पावती मागा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० या नंबरवर माहिती मिळते. हा वकील मोफत मिळाला म्हणून कमी प्रतीचा असतो, असं मनात आणू नका.

दावा लागला की सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर तारखा आणि रोजनामा (त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) दिसतो. वकिलांना दर आठवड्याला फोन करण्यापेक्षा हे बरं.

तुमचा माणूस प्रतिवादी असेल आणि बेलिफ समन्स देऊन गेला असेल, तर कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. आजारपणासारखं कारण दाखवून कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं. "आई दवाखान्यात आहे, बरी झाली की बघू" असं म्हणत गप्प बसलात तर हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) एकतर्फा होईल. तो रद्द करून घ्यायला पुन्हा तीसच दिवस असतात.

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायला विसरू नका. निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये, विहिरीचं पाणी अडवू नये, वहिवाटीला हरकत करू नये, एवढं मिळालं तरी आजारी माणसाला झोप लागते.

साक्ष: लवकरात लवकर, घरी

सगळ्या मार्गदर्शनातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आजारी माणसाची साक्ष घ्यायला कोर्ट वादाचे मुद्दे काढेपर्यंत, मग समोरच्यांच्या तारखा संपेपर्यंत थांबू नका. तेवढ्यात माणूस जातो किंवा त्याची आठवण जाते, आणि मग कुणालाच न विचारता येणारे प्रश्न उरतात.

आदेश १८ नियम १६ खाली पुरेसं कारण दाखवून साक्ष आधीच नोंदवून घेण्याचा अर्ज करता येतो. आदेश २६ नियम १ खाली आजारी माणसासाठी कोर्ट कमिशनर नेमलं जातं. कमिशनर, बहुधा एखादा वकील, घरी येऊन साक्ष नोंदवतो. आजारपणाचा पुरावा म्हणून कोर्ट डॉक्टरांचा दाखला स्वीकारू शकतं, डॉक्टरांना पिंजऱ्यात बोलावण्याची गरज नसते. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्ष, शपथपत्रावर होतो, त्यामुळे माणसाला उलटतपासापुरतंच बोलावं लागतं. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष देण्यासाठीही अर्ज करता येतो. पण खेड्यात, जड जिभेच्या माणसासाठी कमिशनरच बरा असा माझा अनुभव आहे.

कमिशनर येणार त्या दिवशी खोलीत गर्दी नको. औषधाची वेळ आधीच सांगा, दर अर्ध्या तासाने विश्रांती मागा, दुभाषी लागणार असेल तर त्याचा अर्ज आधी द्या. मावशीची साक्ष तीन तास चालली, मध्ये दोनदा थांबून. विरुद्ध वकिलांनीही आवाज चढवला नाही, हे मी कृतज्ञतेने सांगतो. तिला जुन्या बांधाची जागा विचारली तेव्हा तिने डाव्या हाताने हवेत रेघ ओढून दाखवली, आणि कमिशनरांनी तेही लिहून घेतलं.

ही साक्ष झाली आणि पाच महिन्यांनी तिला दुसरा झटका आला. त्यानंतर ती आम्हाला ओळखायची, पण प्रश्न समजून उत्तर द्यायची ताकद राहिली नाही.

समज गेली तर: वादमित्र आणि पालक

माझं मुखत्यारपत्र त्या दिवशी संपलं. पुढच्या तारखेला वकिलांनी तशी पुरसिस (कोर्टाला लेखी कळवणं) दिली आणि आदेश ३२ नियम १५ खाली अर्ज केला. माणूस वेडा ठरवला गेलेला नसला, तरी मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित राखू शकत नाही असं चौकशीअंती कोर्टाला दिसलं, तर त्याच्यासाठी दुसरा माणूस उभा राहू शकतो. आजारी माणूस वादी असेल तर त्याला वादमित्र म्हणतात. प्रतिवादी असेल तर कोर्ट त्याच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमतं.

अर्जासोबत ताजा वैद्यकीय दाखला आणि वादमित्र होणाऱ्याचं शपथपत्र द्या. प्रतिवादीसाठी पालक नेमायचा तर त्या माणसाची लेखी संमतीही लागते. न्यायाधीश आजारी माणसाला स्वतः पाहू शकतात, प्रश्न विचारू शकतात, डॉक्टरांना बोलावू शकतात. ही चौकशी टाळू नका, "आम्ही सांगतो ना" म्हणून घाई करू नका. ती नीट झाली नाही तर पुढे सगळा निकाल धोक्यात येतो. म्हणूनच, आजारी माणूस तुमच्या विरुद्ध बाजूला असेल, तरीही त्याच्यासाठी पालक नेमण्याची मागणी तुम्हीच करा. पालकाशिवाय त्याच्याविरुद्ध मिळवलेल्या हुकूमनाम्याला नंतर आव्हान मिळतं.

कोण उभं राहू शकतं? सज्ञान, शुद्धीवरचा, आणि ज्याचं हित आजारी माणसाच्या हिताविरुद्ध नाही असा माणूस. शेवटची अट प्रामाणिकपणे तपासा. मुलगा आईची बाजू मांडतो आहे, पण आईचा हिस्सा कमी झाला तर त्याचा वाढतो, असं असेल तर तो योग्य माणूस नाही, कितीही प्रेम असलं तरी. आमच्याकडे धाकटे दीर स्वतःहून वादमित्र व्हायला तयार होते, तेच ज्यांच्या नावे विहिरीचा तुकडा जाणार होता. भाच्याला या जमिनीत काहीच मिळणार नव्हतं, म्हणून कोर्टाने माझं नाव मान्य केलं.

बँक खातं चालवणं किंवा मिळकतीचा इतर व्यवहार यासाठी वादमित्र पुरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. कोमातल्या माणसासाठी मुंबई उच्च न्यायालयाने रिट अर्जावर पालक नेमले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं कामकाज कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर मुंबईला जाण्याची वेळ येत नाही. पण फक्त चालू दावा पुढे न्यायचा असेल तर उच्च न्यायालयाची गरज नाही. कुणी तसं सांगून मोठी फी मागत असेल तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या.

तडजोड

पाचव्या वर्षी दिरांकडून निरोप आला. एकरकमी पैसे घ्या आणि दावा काढून घ्या. औषधांचा खर्च वाढलेला, मीही थकलेलो. मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. पण आदेश ३२ नियम ७ प्रमाणे वादमित्राला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही, आणि नियम ६ प्रमाणे आजारी माणसासाठी आलेले पैसेही परवानगीशिवाय स्वीकारता येत नाहीत. ही अट तेव्हा मला जाचक वाटली. आज वाटतं, तिनेच मावशीला राखलं. अर्जात लिहायचं असतं की ही तडजोड आजारी माणसाच्या फायद्याची कशी आहे. ते लिहायला बसलो तेव्हा मी ती जुनी वही उघडली, आणि मावशीने पैसे मागितलेच नव्हते हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर आलं.

नवी बोलणी त्या पानावरून झाली: माळाची बाजू सोडायची, विहिरीलगतचा तुकडा आणि पाण्याची पाळी ठेवायची. सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस बघून, क्षेत्र थोडं कमी आलं. कोर्टाने परवानगी दिली आणि प्रकरण लोकअदालतीत मिटलं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून तिथे जाण्यापूर्वी तडजोडीची प्रत्येक ओळ वाचा. चतुःसीमा, वाटेचा हक्क, पाण्याचे दिवस, वीज मोटारीचं बिल, सगळं लिहून घ्या. "आपसांत बघून घेऊ" असा शब्द कुठेही राहू देऊ नका.

माणूस गेला तर

हे लिहायला जड जातं, पण माहीत असायला हवं. दावा चालू असताना आजारी माणूस गेला तर नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. तो पुन्हा उभा करून घ्यायला आणखी साठ दिवस असतात. मृत्यू दाखला मिळताच वकिलांकडे द्या.

वारस कोण, हे आधीच समजून घ्या. निपुत्रिक हिंदू विधवेला नवऱ्याकडून मिळालेली मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे मावशी गेली असती तर तिचा हिस्सा त्याच दिरांकडे गेला असता. तारखा का लांबत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. समज शाबूत असताना माणसाला मृत्युपत्र करता येतं. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी बंधनकारक नाही, पण आजारी माणसाचं असेल तर करून घेतलेली बरी. मात्र ज्याला लाभ होणार आहे त्याने त्या कामात पुढे पुढे करू नये, त्यावरून कोर्टात संशय घेतला जातो. आमच्याकडे हा विषय वकिलांनी काढला, मी तेव्हा खोलीबाहेर थांबलो होतो. मावशीने काय ठरवलं ते मी विचारलेलं नाही.

निकालानंतर

हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल घेऊन फेरफाराचा अर्ज करा, मग भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीची फी भरा. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या खातेदारांना जाते. त्या दिवशी स्वतः हजर राहा, हद्दीच्या खुणा रोवताना फोटो काढा, आणि नवा सातबारा हाती आला की नाव, गट, क्षेत्र एकेक अक्षर तपासा. आमच्या उताऱ्यात काकांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्तीला दोन महिने लागले. तो दुरुस्त उतारा मी मावशीच्या उशाशी नेला आणि आईने तिला तो कन्नडमध्ये वाचून दाखवला.